सीडीतलं गाणं जसंच्या तसं उतरवताना

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि तिच्यामागोमाग सरकारी नोकरीतली अनेक मराठी कुटुंबंही आली. पुढे भेलचा कारखाना उभा राहिला तेव्हा आणखी आली. त्यांची पुढची पिढी सरकारी क्वार्टरं आणि भेलच्या वसाहती सोडून शहराच्या नव्या भागांत घरं घेत गेली. अयोध्या बायपासलगतचं अयोध्या नगर हा त्यांतलाच एक भाग. घरं बदलताना पुष्कळ सामान गेलं, पण गाण्याचा खण सहसा सुटला नाही. सुधीर फडक्यांच्या आवाजातलं ‘गीतरामायण’, पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसच्या सीड्या, नाट्यगीतांचे संच आणि अर्थातच कुमार गंधर्व. कुमारजींचं देवास भोपाळपासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर, त्यामुळे इथल्या रसिकांना ते घरचे वाटतात.

हा खण आता मुका होत चालला आहे. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो. जुन्या प्लेअरची लेन्स थकलेली असते आणि ती बदलून देणारा कारागीर मिळत नाही. मुंबईचं ‘ऱ्हिदम हाउस’ हे संगीताचं दुकान २०१६ साली बंद झालं. हरवलेली सीडी पुन्हा विकत मिळेल ही आशा त्याच सुमारास संपली म्हणायला हरकत नाही. मोबाइलवर गाणी मिळतात हे खरं, पण हवं तेच ध्वनिमुद्रण मिळेल याची खात्री नसते. कुठे एकाच बंदिशीची वेगळी मैफल असते, कुठे संकलनात कापलेली आवृत्ती, आणि छोट्या कंपन्यांच्या कितीतरी सीड्या तिथे पोहोचलेल्याच नाहीत. म्हणून खणातल्या सीड्या हार्ड डिस्कवर उतरवून घेणं, ज्याला सगळेच ‘रिप करणं’ म्हणतात, ते आता करायलाच हवं. आणि करायचं तर एकदाच, पण नीट.

बहुतेक घरांत ते नीट होत नाही, याचं कारण आळस नव्हे. सीडी घातली, बटण दाबलं, पाच मिनिटांत ‘पूर्ण झालं’ असा निरोप आला, की काम झालं असं कुणालाही वाटेल. पण त्या निरोपाचा अर्थ एवढाच, की फाइल तयार झाली. सीडीवर जे होतं तेच फाइलमध्ये आलं, असं तो सांगत नाही.

यासाठी सीडीची रचना थोडी समजून घ्यायला हवी. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ठरवलेल्या मानकाप्रमाणे सीडीवर दर सेकंदाला दोन्ही वाहिन्यांचे प्रत्येकी ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. सेकंदाला १,७६,४०० बाइट झाले. ही माहिती सेकंदाला ७५ तुकड्यांत विभागलेली असते, आणि एका तुकड्यात २,३५२ बाइट ध्वनी असतो. कॉम्प्युटरच्या डेटा सीडीवर मात्र तेवढ्याच तुकड्यातले २,०४८ बाइटच माहितीसाठी वापरतात. उरलेल्या जागेत तुकड्याचा पत्ता आणि चूक दुरुस्तीची जादा सोय असते. म्हणून डेटा सीडीवरची फाइल एक तर तंतोतंत कॉपी होते, नाहीतर ‘वाचता येत नाही’ असा स्पष्ट नकार येतो.

ऑडिओ सीडी नकार देत नाही. तिच्यातही दुरुस्तीची एक पातळी आहे आणि ती कामाची आहे. साधारण अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा ती बेमालूम भरून काढते, एकही बिट न हरवता. त्याहून मोठी इजा असेल तर प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून मधल्या नमुन्याचा अंदाज बांधतो. वाळवी लागलेल्या पोथीतलं गेलेलं अक्षर लेखनिकाने स्वतःच्या मनाने भरावं, तसाच हा प्रकार. वाजवताना तो अंदाज क्षणभर ऐकू येतो आणि विरतो. कानाला कळतही नाही. रिप करताना मात्र तोच अंदाज फाइलमध्ये कायमचा बसतो. इजा आणखी मोठी असली तर तिथे ‘टक्’ असा आवाज किंवा क्षणाची शांतता येते. सतत वाजणाऱ्या तानपुऱ्यावर हा ‘टक्’ किती खुपतो, हे ख्याल ऐकणाऱ्यांना सांगायला नको.

तेव्हा चांगल्या रिपची कसोटी एकच: तो बरोबर असल्याचा पुरावा हाती आहे का? पुढची सगळी खटपट त्या पुराव्यासाठी आहे.

सुरुवात कुठल्या सीडीपासून करावी, हाही विचार हवा. खणातल्या सीड्या तीन जातींच्या असतात. कंपनीच्या छापील सीड्या, घरी किंवा दुकानात ‘लिहून’ घेतलेल्या सीड्या आणि एमपीथ्री सीड्या. सर्वांत घाई दुसऱ्या जातीची आहे. छापील सीडीत माहिती साच्याने ठोकलेली असते. लिहिलेल्या सीडीत ती सेंद्रिय रंगाच्या थरावर असते, आणि हा रंग उन्हाने, उष्णतेने फिका पडतो. भोपाळचा मे महिना आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट हा योग तिला मानवत नाही. शिवाय घरातल्या मौंजीतलं आजीचं गाणं, गणेशोत्सवातली एखादी मैफल, कॅसेटवरून उतरवलेलं जुनं काही, असं जगात दुसरीकडे कुठेही नसलेलं नेमकं याच सीड्यांवर असतं. त्यांच्यापासूनच आरंभ करावा.

एमपीथ्री सीडीचं काम सोपं. ‘शंभर भक्तिगीतं’ असं छापलेल्या त्या सीडीवर आधीच आवळलेल्या फाइली असतात. त्या सरळ कॉपी कराव्यात. त्यांचं फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गमावता आवळणाऱ्या ‘लॉसलेस’ प्रकारात, रूपांतर करण्यात काहीच हशील नाही; एमपीथ्री करताना जे गेलं ते परत येत नाही, फक्त फाइल फुगते.

सीडी घालण्याआधी ती उजेडात धरून पाहावी. धूळ असल्यास मऊ सुती कापडाने, लागलंच तर किंचित ओल्या कापडाने, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल गोल पुसू नये. माहिती गोलाकार मार्गावर लिहिलेली असते. त्या दिशेने ओरखडा उमटला तर एका ओळीतली सलग माहिती जाते, आडवा ओरखडा मात्र प्रत्येक फेरीतला अगदी थोडा भाग घेतो आणि तो दुरुस्तीच्या आवाक्यात राहतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सीडीची चकचकीत बाजू ही १.२ मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकची खालची बाजू आहे, तिच्यावरचे ओरखडे माहितीपासून दूर असतात. ॲल्युमिनियमचा थर छापील चित्राच्या लगेच खाली, नुसत्या लाखेच्या पातळ लेपाआड असतो. जपायचं असतं ते चित्राच्या बाजूला. तिच्यावर बॉलपेनने नाव लिहिणं किंवा चिकटपट्टी लावून उपटणं यानेच अनेक सीड्या कायमच्या गेल्या आहेत.

ड्राइव्हसाठी फार खर्च नको. यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर एम. पी. नगरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात विचारला तर मिळतो, ऑनलाइनही मिळतो. कुणाकडे जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्यातला आतला ड्राइव्हही काढून घ्यावा. तो पुढे पडताळणीला उपयोगी येतो.

सॉफ्टवेअर निवडण्यात मात्र तडजोड नको. विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’, सगळे त्याला ईएसी म्हणतात, हा जर्मनीच्या आन्द्रे वीटहोफ यांनी १९९८ पासून घडवलेला प्रोग्रॅम घरगुती वापरासाठी मोफत आहे. मॅकवर ‘एक्सएलडी’, लिनक्सवर ‘व्हिपर’. पैसे मोजायची तयारी असेल तर ‘डीबीपॉवरअँप’ अधिक सुटसुटीत आहे. विंडोज मीडिया प्लेअर किंवा ॲपलचा म्युझिक प्रोग्रॅम हेही लॉसलेस फाइल करून देतात, पण ती बरोबर उतरली का याचा दाखला देत नाहीत. मोलाच्या सीडीसाठी ते वापरू नयेत, असं स्पष्टच सांगायला हवं.

ईएसीचं मर्म त्याच्या ‘सिक्युअर मोड’मध्ये आहे. या पद्धतीत प्रत्येक तुकडा निदान दोनदा वाचला जातो. दोन्ही वाचनं जुळली नाहीत, तर तोच तुकडा सोळा-सोळाच्या फेऱ्यांत पुन्हा वाचायचा आणि एका फेरीत आठ वाचनं सारखी आली तरच मान्य करायचा. अगदी वाईट ठिकाणी एकच तुकडा ऐंशीच्या वर वेळा वाचला जातो. ओरखडलेल्या सीडीला अर्धा तास, तासही लागतो तो यामुळे. तो वेळ द्यावा. पहिल्यांदा प्रोग्रॅम सुरू होताना ड्राइव्हची तपासणी होते. त्यात ड्राइव्ह वाचलेली माहिती स्वतःच्या स्मृतीत साठवून ठेवतो का, हे तपासून घेणं सर्वांत महत्त्वाचं. साठवत असेल आणि प्रोग्रॅमला ते ठाऊक नसेल, तर दुसरं वाचन सीडीवरून होतच नाही. ड्राइव्ह आपलंच पहिलं उत्तर पुन्हा देतो आणि चूक बरोबर ठरते.

यानंतर येतो ‘ऑफसेट’. प्रत्येक जातीचा ड्राइव्ह ट्रॅकची सुरुवात खऱ्या जागेपासून काही नमुने पुढे किंवा मागे वाचतो. कुणाचा फरक ६ नमुन्यांचा, कुणाचा १०२, कुणाचा ६६७. सहा नमुने म्हणजे सेकंदाचा सात हजारावा हिस्सा. तो कुणालाही ऐकू येणार नाही. तरीही दुरुस्ती करायची, कारण त्याशिवाय आपली फाइल दुसऱ्याच्या फाइलशी ताडून पाहता येत नाही.

ताडून पाहायची ही सोय म्हणजे ‘ॲक्युरेटरिप’. जगभरच्या लोकांनी रिप केलेल्या ट्रॅकची बेरीज-खूण, म्हणजे ‘चेकसम’, तिथे साठवलेली असते. एखाद्या ट्रॅकची खूण वेगवेगळ्या शहरांतल्या, वेगवेगळ्या ड्राइव्हवरच्या दहा जणांच्या खुणेशी जुळली, तर सगळ्यांची चूक अगदी सारखीच झाली असं मानायला जागा उरत नाही. हा निर्विवाद पुरावा. ‘क्यूटूल्स’चा असाच दुसरा साठा आहे आणि त्यात एक पाऊल पुढचं: सीडी त्या साठ्यात असेल तर थोडीफार बिघडलेली फाइल तिथल्या दुरुस्ती-माहितीवरून पूर्ववत करता येते.

अडचण अशी, की हे साठे भरले ते प्रामुख्याने पाश्चात्त्य संगीताच्या श्रोत्यांनी. बीटल्सची सीडी घातली की शेकडो साक्षीदार उभे राहतात. पुण्यात काही हजार प्रतींतच निघालेल्या नाट्यगीतांच्या सीडीला ‘साठ्यात नाही’ असं उत्तर येण्याची तयारी ठेवावी लागते. तसं उत्तर आलं म्हणजे रिप बिघडला असं नव्हे. मात्र अशा वेळी साक्षीदार आपला आपणच उभा करावा लागतो. त्याची रीत अशी. ईएसीमध्ये ‘टेस्ट अँड कॉपी’ निवडावं. सीडी दोन स्वतंत्र वेळा पूर्ण वाचली जाते आणि दोन्ही वेळच्या खुणा शेजारी-शेजारी दिसतात. त्या जुळल्यावरही, सीडी मोलाची असेल तर ती दुसऱ्या ड्राइव्हवर, त्याचा ऑफसेट नीट भरून, आणखी एकदा वाचावी. एकच लेन्स एकाच ओरखड्यावर तीच चूक पुन्हा करू शकते. दोन वेगळ्या जातींच्या ड्राइव्हवर ती तंतोतंत सारखी होणं जवळपास अशक्य. शेजारच्या घरातला ड्राइव्ह तासाभरासाठी आणला तरी भागतं.

ऑफसेट ओळखण्यासाठी ॲक्युरेटरिपला त्याच्या साठ्यात असलेली, भरपूर खपलेली सीडी लागते. घरात सगळंच शास्त्रीय आणि मराठी असेल, तर मुलांच्या किंवा मित्राच्या खणातला एखादा गाजलेला इंग्रजी अल्बम मागून आणावा. ड्राइव्हच्या मॉडेलनुसार प्रसिद्ध असलेल्या यादीतून आकडा भरला तरी चालतो.

काम संपल्यावर ईएसी एक लॉग लिहून ठेवतो. तो वाचायचा कंटाळा करू नये आणि तो कधीही पुसू नये. फाइलींच्या शेजारी त्याच फोल्डरमध्ये ठेवावा. त्यात ‘सस्पिशस पोझिशन’ अशी नोंद वेळेसह दिसली, तर नेमकी ती जागा हेडफोन लावून ऐकावी. ‘ट्रॅक क्वालिटी’ शंभर टक्क्यांहून थोडी कमी असणं ही चूक नव्हे. काही ठिकाणी पुन्हा वाचावं लागलं, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या संगीताच्या बाबतीत आणखी एक धोका आहे तो दोन ट्रॅकच्या सांध्यावर. ख्यालाच्या सीडीत विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्यावर असतं, पण मैफल तिथे थांबलेली नसते. तानपुरा चालू असतो, तबलजी लय बदलत असतो, एखादी दाद सांध्यावरच पडलेली असते. एमपीथ्री करताना फाइलीच्या आधी-मागे शांततेचे बारीक तुकडे जोडले जातात आणि सांध्यावर खड्डा पडतो. लॉसलेस फाइलीत एकही नमुना कमी-जास्त होत नाही. वाजवणारा प्लेअर सलग वाजवणारा असला की सांधा कळत नाही. ट्रॅकच्या सुरुवाती आणि मधल्या जागा नोंदवणारी ‘क्यू शीट’ही रिपबरोबर करून घ्यावी. तिच्या आधारे पुढे कधीही तीच सीडी हुबेहूब लिहिता येते. आणि ‘नॉर्मलाइज’ नावाची, आवाज सारखा करणारी सोय बंद ठेवावी. ती नमुने बदलते; मग खूण जुळण्याचा प्रश्नच उरत नाही.

फाइल कुठल्या प्रकारची करावी यावर फार चर्चा नको. फ्लॅक. जॉश कोलसन यांनी २००१ साली त्याची पहिली आवृत्ती दिली, ते मुक्त आहे, आणि २०२४ अखेरीस त्याला इंटरनेटचं अधिकृत मानक म्हणूनही मान्यता मिळाली. ७४ मिनिटांची पूर्ण सीडी ७८ कोटी बाइटची असते. फ्लॅकमध्ये ती साधारण निम्मी ते दोन तृतीयांश होते. एक टीबीच्या डिस्कवर हजार-दोन हजार सीड्या बसतात. आवळण्याच्या पायऱ्या शून्य ते आठ आहेत, आवाज सगळ्यांत तोच, फरक फक्त आकारात आणि आवळायला लागणाऱ्या वेळात. प्रत्येक फ्लॅक फाइलीत मूळ ध्वनीची खूण साठवलेली असल्याने दहा वर्षांनीही फाइल शाबूत आहे का, हे एका आज्ञेने तपासता येतं. ॲपलच्या म्युझिक ॲपमध्ये ती घेता येत नाही. तिथे ॲपलचा स्वतःचा लॉसलेस प्रकार, एएलएसी, लागतो, आणि फ्लॅकवरून एएलएसी केल्याने काहीही हरवत नाही.

खरं मन लावून करायचं काम यापुढचं आहे: नावं. इंटरनेटवरून आपोआप येणारी नावं आपल्या सीड्यांच्या बाबतीत अर्धवट, चुकीच्या स्पेलिंगची, किंवा भलत्याच सीडीची असू शकतात. सीडीची ओळख ट्रॅकच्या संख्येवरून आणि लांबीवरून पटवली जाते. दोनच ट्रॅकच्या रागाच्या सीडीची दुसरीशी गल्लत होण्याचा संभव अधिक. म्हणून बॉक्समधला छापील कागद समोर ठेवून हाताने भरावं. गायक, गीतकार, संगीतकार वेगळ्या खान्यांत. रागाला आणि तालाला स्वतंत्र खाने करावेत, फ्लॅकमध्ये असे हवे तेवढे खाने जोडता येतात. खान्याचं नाव रोमन लिपीत लागतं, पण आतला मजकूर खुशाल देवनागरीत भरावा. नाट्यगीत असेल तर नाटकाचंही नाव हवं. ‘मानापमान’ १९११ सालचं, खाडिलकरांचं, संगीत गोविंदराव टेंब्यांचं, ही माहिती प्रत्येक पदाशी जोडलेली असली, की त्याच नाटकातली पदं निरनिराळ्या पिढ्यांच्या गायकांकडून एका ओळीत ऐकता येतात. नाव लिहिण्याची एकच पद्धत ठरवून पाळावी. ‘कुमार गंधर्व’ आणि ‘पं. कुमार गंधर्व’ हे कॉम्प्युटरच्या लेखी दोन गायक आहेत.

तबला, पेटी, तानपुरा यांच्या साथीला कोण होतं हे कागदावर छापलेलं असेल तर तेही उतरवावं. मोबाइलवरच्या ॲपमध्ये साथीदारांची नावं क्वचितच दिसतात. ती या कागदांवरच उरली आहेत. कागद स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवावा.

कायद्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी, वैयक्तिक कारणासाठी केलेल्या रास्त वापराला मोकळीक देतं, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून ती ध्वनिमुद्रणांनाही लागू आहे. विकत घेतलेल्या सीडीची घरच्या ऐकण्यासाठी प्रत ठेवणं वेगळं. तीच प्रत व्हॉट्सॲपच्या गटात टाकणं किंवा पेन ड्राइव्हवर भरून वाटणं वेगळं, त्याला या कलमाचा आधार नाही.

हार्ड डिस्क मरते, हे गृहीत धरूनच चालावं. निदान दोन डिस्कवर प्रत हवी आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी. मुलगी पुण्यात असेल तर तिच्याकडे. सीड्या टाकून द्यायच्या नाहीत. त्या मूळ प्रती आहेत आणि मालकीचा दाखलाही.

शेवटी एक विनंती. रिप पूर्ण झाल्यावर ईएसी विचारतो, की हा निकाल ॲक्युरेटरिपला पाठवू का? त्याला हो म्हणावं. गाणं जात नाही, फक्त खूण जाते. अयोध्या नगरातून पाठवलेली ‘गीतरामायणा’ची खूण उद्या सांगलीत किंवा न्यू जर्सीत तीच सीडी घालणाऱ्या माणसाला साक्षीदार म्हणून मिळते, आणि मराठी सीड्यांपुढे ‘साठ्यात नाही’ हे उत्तर येणं थांबायचं तर त्या नोंदी मराठी श्रोत्यांनीच भरायला हव्यात.